काजूच्या दह्याचं श्रीखंड दर वेळी पातळ का होतं?

पाडवा किंवा दसरा आठवड्यावर आला की ओळखीपाळखीतून मला हमखास एक फोन येतो. "ताई, बिनदुधाचं श्रीखंड करायला घेतलंय. काजूचं दही छान लागलं, रात्रभर टांगलं, पण चक्का काही होईना. आणि साखर घातल्यावर तर पार सरबरीत झालं." कधी फोन मुलुंडहून असतो, कधी बोरिवलीहून. तक्रार मात्र तीच, शब्दसुद्धा जवळपास तेच. मी स्वतः या खड्ड्यात चार वेळा पडले आहे, म्हणून आज सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आमच्याकडे हे सुरू झालं ते भाचीच्या मुलामुळे. त्याला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. दुधाचा थेंब पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात. पाडव्याला सगळी पोरं पुरी-श्रीखंडावर बसलेली आणि हा नुसती पुरी-भाजी खातोय, हे मला बघवेना. पहिल्या वर्षी मी दुधाच्या दह्याचं करतात तसंच सगळं केलं. काजूचं दूध काढलं, त्याचं दही लावलं, पंचात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलं आणि खाली पातेलं ठेवून झोपले. सकाळी बघते तर पातेल्यात जेमतेम दोन चमचे पाणी. पंचाला आतून पांढऱ्या लेपाचा थर बसलेला, आणि मध्ये दही जसंच्या तसं, भिजवलेल्या पिठासारखं लिबलिबीत. जोर लावून पिळलं तर पाण्याऐवजी कापडाच्या विणीतून काजूच बाहेर यायला लागला, बोटांवर पांढऱ्या शेवया उमटाव्यात तसा. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पंचा हाताने दाबून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हे गळेल कसं? यात निथळायला वेगळं पाणी आहेच कुठे?"

या एका वाक्यात सगळं दुखणं आलं. ते कळायला मला मात्र अजून तीन खेपा लागल्या.

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. विरजणातले जंतू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. आम्लता पुरेशी वाढली, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप, आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) ४.६ च्या आसपास आला, की केसीनचे कण एकमेकांना धरून जाळं विणतात. पाणी त्या जाळ्यात नुसतं अडकून बसलेलं असतं. दही कापडात टांगलं की जाळं वर राहतं, पाणी खाली येतं आणि हाती चक्का येतो. काजूत केसीन नाही. काजूचं 'दूध' म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक वाटलेले कण: थोडी चरबी, थोडी प्रथिनं आणि बऱ्यापैकी स्टार्च. आंबल्यावर ते थोडंसं दाट होतं, चव दह्याची येते, पण तसं घट्ट जाळं बनत नाही. पाणी त्या कणांनीच धरून ठेवलेलं असतं. टांगल्यावर आधी कण कापडाची भोकं बुजवतात, मग पाण्याला वाटच उरत नाही. तुम्ही आठ तास टांगा नाहीतर अठरा तास, फरक पडत नाही. उलट मुंबईच्या उकाड्यात ते अठरा तासांत आंबट ढाण होतं.

म्हणून काजूच्या श्रीखंडाचा घट्टपणा दही लावायच्या आधीच भांड्यात असायला हवा. मागाहून पिळून तो येत नाही. पाणी घालतानाच हात आखडायचा आणि उरलेलं काम काजूतल्या स्टार्चकडून करून घ्यायचं. टांगणं हा प्रकारच सोडून द्या.

आता माझं माप सांगते. २०० ग्रॅम काजू घ्या. तुकडा काजू चालतो, तोच घ्या, नाहीतरी वाटायचाच आहे. मी मशीद बंदरला एकदम किलोभर घेते आणि डबा फ्रीजमध्ये ठेवते, कारण पावसाळ्यात आपल्याकडे बाहेर ठेवलेला तुकडा लवकर खवट होतो. घेताना एक तुकडा चावून बघाच. जिभेवर शेवटी कडवट चव राहिली तर त्या काजूचं श्रीखंड कितीही वेलची घातली तरी सुधारत नाही. काजू चार तास भिजवा, ते पाणी ओतून टाका, दोनदा धुवा. वाटायला आणि शिजवायला मिळून एकूण २५० मिलिलिटर पाणी, त्याहून जास्त नको. त्यातलंही आधी अर्धंच घाला. मिक्सरच्या भांड्यात दाट गोळा फिरला तरच तो गुळगुळीत वाटला जातो. सगळं पाणी एकदम ओतलं की तुकडे पाण्यात नुसते गरगरतात आणि मागे बारीक रवा राहतो. मिक्सर मध्येमध्ये थांबवा. भांडं तापलं की काजूला तेल सुटतं. बोटांच्या चिमटीत वाटण चोळून बघा. खर लागत असेल तर अजून वाटा. हा रवा नंतर पुरणयंत्रातून काढून जात नाही, मी काढून बघितलंय.

मग वाटण जाड बुडाच्या पातेल्यात काढा, उरलेल्या पाण्याने मिक्सरचं भांडं खंगाळून तेही त्यातच घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. मग अचानक उलथन्याला ओढ लागते, पातेल्याच्या कडेने वाटण सुटायला लागतं आणि रंग किंचित काचेसारखा होतो. हा स्टार्च फुलल्याचा क्षण. पुढे अजून दोन मिनिटं शिजवा आणि उतरवा. इडलीच्या पिठापेक्षा दाट, घावनाच्या पिठाशी तर तुलनाच नको. उलथनं उभं धरलं तर मिश्रण गोळ्याने पडावं, धारेने नाही. शिजवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे काजूवरचे नको ते जंतू मरतात आणि विरजणाला मैदान मोकळं मिळतं. कच्च्या वाटणाला विरजण लावून आपल्या हवेत सहा-सात तास बाहेर ठेवणं मला पटत नाही.

मिश्रण कोमट होऊ द्या. बोट घातलं तर सुखाने सोसवेल इतकं. मग एक मोठा चमचा विरजण घालून नीट फेटा आणि स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात झाकून ठेवा. दही झाल्यावर किमान सहा तास फ्रीजमध्ये. गार झाल्यावर ते अजून आवळतं. बाहेर काढताना ते पाहून "हे तर चक्क्यासारखंच आहे" असं म्हणाल, तेव्हाच पुढे जा. तसं नसेल तर साखर घालू नका, आधी खाली लिहिलेला उपाय करा.

बिनदुधाच्या विरजणाबद्दल बरेच जण अडतात. मी हिरव्या मिरचीचे देठ वापरते. टोपीसकट आठ-दहा देठ स्वच्छ धुवून कोमट वाटणात खोचून ठेवायचे, पहिल्या खेपेला बारा तास सहज लागतात. या पहिल्या दह्याला किंचित तिखटसर वास येतो, ते खायला घेऊ नका. त्यातला चमचाभर पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरा. दुसऱ्या खेपेचं दही खरं. म्हणजे पाडव्याला श्रीखंड हवं तर चार दिवस आधी मिरच्या आणायच्या. औषधाच्या दुकानातली प्रोबायोटिकची कॅप्सूलही चालते, पण तिच्यात लॅक्टोबॅसिलस असायला हवा. काही कॅप्सूलमध्ये सॅकरोमायसिस म्हणजे यीस्ट असतं. त्याने दही लागत नाही. आणि घरात दुधाची ॲलर्जी असेल तर कॅप्सूलच्या वेष्टनावर दुधाचा अंश आहे का ते आधी वाचा. दह्यावर गुलाबी, नारिंगी किंवा काळा ठिपका दिसला तर वरचं खरवडून खाली चांगलं म्हणू नका, भांडंभर टाकून द्या.

आता साखर. दही छान घट्ट होतं, तरी साखर मिसळली की अर्ध्या तासात सैल पडतं, ही दुसरी नेहमीची तक्रार. याचं कारण साखर स्वतःच आहे. विरघळलेली १०० ग्रॅम साखर जवळपास ६० मिलिलिटर जागा घेते, म्हणजे तुम्ही अर्ध्या वाटीच्या आसपास पातळ पदार्थच घातलात म्हणा ना. शिवाय ती कणांनी धरलेलं पाणी ओढून घेते. दुधाच्या चक्क्यात केसीनचं जाळं हा मारा सोसतं, काजूत ते जाळं नाही. गुळाचं पाणी किंवा काकवी घातली तर विचारूच नका.

साध्या श्रीखंडात चक्क्याच्या वजनाइतकी, निदान पाऊणपट साखर जाते. तेवढी इथे घालायचं कारणच नाही, काजूला स्वतःचा गोडवा आहे. वरच्या मापाला मी ७० ग्रॅम पिठीसाखर घेते, गार दह्यात दोन हप्त्यांनी घालते आणि लाकडी चमच्याने एकाच दिशेने फेटते. मिक्सर लावत नाही. साखरेऐवजी खजूर हवा असेल तर बिया काढून १२० ग्रॅम खजूर चाळणीत दहा मिनिटं वाफवा आणि पाण्याचा थेंब न घालता वाटा. खजुरातल्या तंतूंमुळे श्रीखंड उलट आवळतं, हा मोठा फायदा. तोटा रंगाचा. केशराची पिवळी छटा दिसत नाही, सगळं बदामी होतं. आमच्या घरी मोठ्यांना ते आवडत नाही, मुलांना काही पडलेलं नाही.

केशर दुधात खलतात, इथे दूध नाही म्हणून अनेकजण ते कोरडंच चुरडून घालतात आणि रंग येत नाही म्हणतात. केशराचा रंग पाण्यात सुटतो, दूध लागतच नाही. चमचाभर गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. चमचाभरच, कारण तेही पाणीच आहे.

आंबटपणाचं गणित साखरेशी बांधलेलं आहे आणि इथेच 'पौष्टिक' करायला गेलेल्यांचं सगळ्यात जास्त बिघडतं. नेहमीच्या श्रीखंडात चक्का चांगला आंबट असला तरी भरपूर साखर त्याला झाकते. तुम्ही साखर निम्म्याहून खाली आणली की तोच आंबटपणा जिभेला झोंबतो. मग लोक पुन्हा साखर वाढवतात, त्याने श्रीखंड पातळ होतं, आणि सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून कमी साखरेच्या श्रीखंडाला दही कमी आंबट लागतं. मुंबईत एप्रिल-मेमध्ये रात्रीसुद्धा पारा फारसा उतरत नाही, तेव्हा पाच तासांनी झाकण उघडून चव बघा. डिसेंबर-जानेवारीत आठ-नऊ तास लागतील. हलकी आंबट झाक आली की लगेच फ्रीजमध्ये. आत गेल्यावरही तासभर ते थोडं पुढे सरकतंच, तेवढी जागा ठेवा. रात्री झोपताना लावून सकाळी सातला उघडायचं, ही सवय उन्हाळ्यात चालत नाही. मी दुपारी बाराला लावते, म्हणजे संध्याकाळी डोळ्यासमोर असतं.

तरीही आंबट झालंच तर खायचा सोडा घालू नका, साबणासारखी चव येते. ५० ग्रॅम भिजवलेले काजू तीन-चार चमचे पाण्यात वाटा, पातेल्यात घट्ट गोळा होईपर्यंत शिजवा, पूर्ण गार करा आणि आंबट दह्यात फेटून घाला. आंबटपणा उतरतो आणि घट्टपणा वाढतो. पातळ झालेल्यालाही हाच उपाय. कॉर्नफ्लोअर सुचवणारे भेटतील, त्याने घट्ट होतं खरं, पण चव कस्टर्डची लागते आणि श्रीखंड म्हणून वाढायला मन धजत नाही. आणि अगदीच धार लागली असेल, पाहुणे दारात असतील, तर त्यात गार पाणी, जायफळ आणि चिमूटभर मीठ घालून घुसळा आणि पियूष म्हणून पेल्यांतून द्या. गिरगाव-दादरमध्ये वाढलेल्या माणसाला पियूष मिळाल्यावर तो श्रीखंड कुठंय म्हणून विचारत नाही.

काजू महाग पडतो म्हणून शेंगदाण्याच्या दह्याचं विचारतात. दाण्याचं दही टांगल्यावर पाणी गळतं, पण मागे उरतं ते रवाळ आणि खडूसारखं. त्याला येणारा कच्चट वास हा थंड पाण्यात वाटल्यामुळे येतो. दाणे फुटून ओले झाले की त्यांच्यातलं एक विकर (एन्झाइम) चरबीवर काम करायला लागतं. दाणे पाच मिनिटं उकळा, सालं पूर्ण काढा (सालांनी कडवटपणा आणि राखाडी रंग दोन्ही येतात), आणि गरम पाण्यातच वाटा, वास बराच जातो. मी नुसत्या दाण्यांचं करत नाही. १५० ग्रॅम काजूला ५० ग्रॅम दाणे, एवढंच. गाळून मात्र घ्यायचं नाही. सोयाच्या दुधाची प्रथिनं आम्लाने चांगली धरतात, ते खरंच टांगता येतं, पण बिनसाखरेचं, बिनव्हॅनिलाचं दूध मिळायला हवं आणि चव सगळ्यांना रुचत नाही.

नारळाच्या घट्ट दुधाचं श्रीखंड कुणी सुचवलं तर मी नाहीच म्हणते. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं. म्हणजे फ्रीजमधून काढलं तेव्हा मेणासारखं कडक, आणि आपल्या मे महिन्यात पंगत बसून वरण-भात होईपर्यंत ताटात पाणी. त्यातली बहुतेक चरबी संपृक्त आहे, तेव्हा पौष्टिक म्हणून तर ते निवडूच नये. नारळाचं दूध खरवसाच्या नकलेला, शिरवाळ्यांना, मणगण्याला ठेवावं, तिथे त्याची जागा आहे. मणगणं तर मुळातच बिनदुधाचं, चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. कोकणातल्या आज्यांनी ते कुठलंही नाव न देता पिढ्यान्‌पिढ्या केलंय.

पौष्टिकतेबद्दल मला स्पष्टच सांगायचं आहे, कारण फोनवर "हे शुगरवाल्यांना चालतं ना?" हा प्रश्न हटकून येतो. वरच्या मापात काजूच्याच सुमारे ११०० कॅलरी आहेत आणि ७० ग्रॅम साखरेच्या २८०. आठ छोट्या वाट्या केल्या तर वाटीमागे १७० ते १७५ कॅलरी आणि ९ ग्रॅमच्या आसपास वरची साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेला सल्ला असा की अशी साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि शक्य असेल तर ५ टक्के, म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम. तेव्हा एक वाटी बसते, तीन नाही. गूळ घातला म्हणून रक्तातली साखर वाढायची थांबत नाही. खजुराचंही तेच, फक्त सोबत थोडे तंतू येतात. दुधाच्या दह्याच्या मानाने काजूत कॅल्शियम फारच कमी आणि बी-१२ तर नाहीच, म्हणून दूध पूर्ण बंद असलेल्या मुलाला ते कशातून द्यायचं हे डॉक्टरांना विचारा, या श्रीखंडावर विसंबू नका. आणि ज्यांना फक्त दूध पचत नाही, ॲलर्जी नाही, त्यांनी एकदा साधा चक्का थोडा खाऊन बघावा. दुधातली बरीचशी साखर पाण्याबरोबर निथळून जाते, अनेकांना तो सोसतो.

ॲलर्जीचं घर असेल तर एक गोष्ट फार सांभाळा. ज्या पंचात वर्षानुवर्षं दुधाचा चक्का बांधलाय, जी गाळणी सायीला वापरता, ती इथे अजिबात नको. धुतल्यावरही विणीत अंश राहतो. आमच्याकडे भाचीच्या मुलासाठी वेगळं पातेलं, वेगळा लाकडी चमचा आणि झाकणावर लाल धागा बांधलेला डबा आहे. वाढताना आधी त्याची वाटी भरायची, मग बाकीच्यांच्या श्रीखंडाला हात लावायचा. पुऱ्याही तेलातच. काजूचीही ॲलर्जी असू शकते, तेव्हा पहिल्यांदा खाणाऱ्या मुलाला चमचाभरच द्या आणि ज्याला आधीच एखादी ॲलर्जी आहे त्याच्या डॉक्टरांना आधी विचारा.

फ्रीजमध्ये हे तीन दिवस चांगलं राहतं, चौथ्या दिवशी आंबटपणा जाणवतो. चारोळी आणि पिस्ते आधी घालून ठेवू नका, मऊ पडतात. कुणाकडे न्यायचं असेल तर स्टीलचा डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, दोन जाड नॅपकिनांत गुंडाळा आणि वेलची-जायफळाची पूड वेगळ्या पुडीत घ्या. परळहून डोंबिवलीपर्यंत दुपारच्या लोकलमध्ये मी असंच नेते, उतरल्यावर झाकण उघडून दोनदा फेटलं की वाढायला तयार.